मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर: पहिल्या दिवसापासून पायातली आग निवेपर्यंत

माझ्या ऑपरेशनला महिना झाला होता. शेजारच्या काकी दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय ओ वैनी, अजून पाय दुखतोयच? म्हणजे ऑपरेशन फेल गेलं की ओ." बोलल्या मायेनंच, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कमरेचं दुखणं जवळजवळ गेलेलं, टाके निघालेले, आणि डाव्या पोटरीतून अंगठ्यापर्यंत मात्र मिरची लागल्यासारखी आग. असं का होतं हे मला आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं, तर ते सगळे दिवस भीतीत गेले नसते. म्हणून हे लिहिते आहे, ज्यांचं ऑपरेशन ठरलंय किंवा नुकतंच झालंय त्यांच्यासाठी.

मी बेळगावात वडगावला राहते. 20 वर्षं शिलाई मशीनवर वाकून काम केलं. कमरेतल्या एल 4 आणि एल 5 या मणक्यांमधली गादी सरकली, शीर (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दबली, शेवटी सरकलेला तुकडा काढावा लागला. त्याला डॉक्टर मायक्रोडिस्केक्टॉमी म्हणतात. ज्यांना स्क्रू-रॉड बसवलेत, म्हणजे फ्यूजन झालंय, त्यांची पथ्यं जास्त कडक आणि जास्त दिवसांची असतात. तुमच्या सर्जनांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच धरा.

आधी शीर समजून घ्या

ऑपरेशन शिरेवरचा दाब काढतं. शीर बरी करणं ऑपरेशनच्या हातात नसतं, ते काम शरीर आपल्या गतीनं करतं. पाटात दगड अडकून आठ दिवस पाणी बंद पडलं, मग तुम्ही दगड काढला, तरी माना टाकलेला भाजीपाला त्याच संध्याकाळी ताठ होतो का? तसंच हे. शीर सुजलेली असते, काही ठिकाणी आतून दुखावलेली असते. जिथे तिला पुन्हा वाढावं लागतं तिथे ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला एक इंच. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे अंगठ्याच्या बधिरपणाला वर्षाहून जास्त का लागू शकतं ते कळेल.

बहुतेकांना पायाची तीव्र कळ आधी कमी होते, मग ताकद येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. काहींचा थोडा राहूनही जातो. मधल्या काळात आग, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखं होणं, हे चालू-बंद होत राहतं. एक दिवस बरा आणि दुसरा वाईट, असंच चालतं. म्हणून काल आणि आजची तुलना करू नका. या रविवारची गेल्या रविवारशी करा. मी साध्या वहीत रोज तीन गोष्टी लिहायची: किती चालले, रात्री किती वेळा जाग आली, आग कुठपर्यंत गेली. आग अंगठ्याऐवजी आता पोटरीपर्यंतच येते असं लक्षात आलं, ते या वहीमुळेच. दुखणं पावलाकडून कमरेकडे वर सरकत जाणं ही चांगली खूण असते.

डिस्चार्ज घेण्याआधी

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते. मला एका कागदावर गोळ्या लिहून दिल्या आणि पाच मिनिटांत निरोप दिला. त्यामुळे तुम्ही प्रश्न घरूनच लिहून न्या. कोणत्या मणक्यांमध्ये काम केलं? फक्त गादी काढली की हाडही काढलं, की स्क्रू घातले? टाके काढायचे आहेत का, कधी? पट्टा लावायचा का, आणि किती दिवस? कोणती गोळी कधी बंद करायची? पुढचं बोलावणं कधी? आणि "ऑपरेशन नोट" मागून घ्या, ती डिस्चार्ज कार्डापेक्षा वेगळी असते. आपल्या भागात कितीतरी लोक ऑपरेशन मिरज किंवा कोल्हापूरला करतात आणि पुढे दाखवतात बेळगावात. नव्या डॉक्टरांना ती नोट आणि एमआरआयची फिल्म नसेल तर अंदाजानं बोलावं लागतं.

खर्चाचं थोडक्यात सांगते. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण दवाखाना योजनेत आहे का आणि सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागेल का, हे भरती होण्याआधी विचारा. ऑपरेशन झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांतून येणाऱ्या आयाबायांना कन्नड येतंच असं नाही, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला मराठी येतंच असं नाही. एवढे शब्द पाठ ठेवा: बेन्नु म्हणजे पाठ, सोंट म्हणजे कंबर, कालु म्हणजे पाय, नोवु म्हणजे दुखणं, उरी म्हणजे आग, जोमु म्हणजे मुंग्या आणि बधिरपणा. ज्वर आणि मूत्र दोन्हीकडे सारखेच. "नोवु" आणि "जोमु" यांतला फरक सांगता आला पाहिजे, कारण डॉक्टरांसाठी त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

घरी जाताना

गाडीत पुढच्या सीटवर बसा, सीट थोडी मागे झुकवा, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा. कोल्हापूरहून बेळगाव साधारण 110 किलोमीटर आहे. एका दमात येऊ नका. निपाणीला आणि संकेश्वरला उतरून पाच-पाच मिनिटं चाला. ड्रायव्हरला आधीच सांगा की गावातले स्पीडब्रेकर अगदी सावकाश घ्यायचे. दुखण्याची गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली बरी.

अंथरुणातून उठणं: एवढं तरी नीट शिका

पहिले सहा आठवडे तीन गोष्टी बंद: कमरेतून वाकणं, ओझं उचलणं, कंबर पिळणं. यांतली तिसरी सगळ्यात फसवी. अंथरुणात मागे वळून मोबाइल घेतला, की कंबर पिळलीच.

उठायची रीत अशी. उताणे असाल तर दोन्ही गुडघे वाकवा. मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम, लाकडाचा ओंडका लोटावा तसं कुशीवर व्हा. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपरानं आणि वरच्या हाताच्या तळव्यानं अंथरूण दाबत अंग वर उचला. पाय खाली जातात तसं अंग वर येतं. एक मिनिट बसा, चक्कर येत नाही ना बघा, मग उभे राहा. झोपताना हेच उलट. ऑपरेशनच्या आधीच घरी आठ-दहा वेळा सराव करा, दुखणं असलं तरी. नंतर पेनकिलरच्या गुंगीत नवीन काही शिकता येत नाही.

सुंभाची बाज नको, ती मध्ये खोल जाते. कोऱ्या फळीवर झोपायचीही गरज नाही. घट्ट भरलेली कापसाची गादी आणि गुडघ्याच्या उंचीचा पलंग पुरे. कुशीवर झोपलात तर दोन गुडघ्यांमध्ये उशी, उताणे झोपलात तर गुडघ्यांखाली.

शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं तर पोट आत घट्ट करा, शक्य असेल तर उभे राहा, हात भिंतीला टेका. बसल्याबसल्या पुढे वाकून शिंकलात की झटका थेट कमरेत जातो.

घरात थोडे बदल लागतात. बैठ्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवा. भाड्यानंही मिळते. पाटावर बसून जेवण, जमिनीवर बसून भाजी निवडणं, खालच्या चुलीवर भाकरी थापणं, हे सगळं काही दिवस दुसऱ्या कुणाकडे द्या. ओट्यावर उभं राहून काम करताना एक पाय छोट्या पाटावर ठेवा, कमरेचा ताण कमी होतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर अंगणात शेवाळ धरतं. माझ्या सासूबाईंनी दारापासून न्हाणीपर्यंत जुनी पोती अंथरून ठेवली होती. पायाचा अंगठा उचलत नसेल तर ओल्या फरशीवर पाऊल अडकून पडायला क्षण लागत नाही. मागे पट्टा असलेली चप्पल घाला, नुसती स्लिपर नको.

चाला, पण मोजून

पडून राहणं हे आता औषध राहिलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. मग दर दोन-तीन दिवसांनी दोन-दोन मिनिटं वाढवा. सहा आठवड्यांत एका वेळी अर्धा तास सपाट रस्त्यावर चालता आलं तर छान चाललंय समजा. चालून आल्यावर दुखणं थोडं वाढून तासाभरात उतरलं तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर पाच मिनिटं कमी करा, थांबू मात्र नका.

बसणं चालण्यापेक्षा जड जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिले तीन-चार आठवडे 20 ते 30 मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नका. भेटायला माणसं येतात, खुर्ची ओढून तासभर बोलतात, आपल्याला उठवत नाही. त्यांच्यासमोर खुशाल उभ्यानं बोला.

उचलण्याचं माप: दोन किलोपर्यंत, तेही छातीजवळ धरून. 10 लिटरची घागर म्हणजे 10 किलोंहून जास्त. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ 30 किलो. नातवंडाला कडेवर घेणं सगळ्यात कठीण. तुम्ही पलंगावर बसा, त्याला वर चढून तुमच्या मांडीवर येऊ द्या.

पोट साफ ठेवा. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि कुंथताना टाक्यांत आणि शिरेत कळ येते. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भिजवलेले मनुके, भरपूर पाणी, आणि दोन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा पातळ औषध.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलते, कारण निपाणी-चिकोडीकडे तंबाखू हे कितीतरी घरांचं पोट आहे आणि माझ्या माहेरचंही होतं. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरायला उशीर लागतो, आणि स्क्रू बसवले असतील तर हाड न जुळण्याचा धोका वाढतो. विडी सोडली आणि मिसरी-मावा चालू ठेवला, तर निकोटिन शरीरात जातच राहतं. निदान हाड जुळेपर्यंत सगळंच बंद ठेवा.

शिरेच्या दुखण्याशी जमवून घेणं

शिरेचं दुखणं साध्या दुखण्यासारखं वागत नाही. रात्री वाढतं. थंडीत वाढतं. नुसती साडीची काठ पोटरीला घासली तरी चटका बसतो. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅकनं त्याला फारसा फरक पडत नाही, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं डायक्लोफेनॅकवर डायक्लोफेनॅक घेऊन पोट आणि किडनी बिघडवून घेऊ नका.

त्यासाठी डॉक्टर वेगळ्या गोळ्या देतात: प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन. गुण यायला एक-दोन आठवडे, कधी जास्त लागतात. सुरुवातीला झोप येते, डोकं गरगरतं, म्हणून बहुतेक वेळा रात्री आणि थोड्या डोसपासून सुरू करतात. प्रेगाबालिननं पावलांना सूज येऊ शकते, वजन वाढू शकतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडतं. या गोळ्यांवर दारू नको, आणि गुंगी असेपर्यंत गाडी चालवणं नको. आणि अचानक बंद करू नका, डॉक्टर टप्प्याटप्प्यानं कमी करून देतात. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, डोस बदलतो. माझ्या दिरांनी मोबाइलवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन शोधलं आणि घाबरून म्हणाले, "वैनी, ही तर डिप्रेशनची गोळी आहे." आहे, पण कमी डोसमध्ये ती शिरेचं दुखणंही शमवते. ती लिहून दिली म्हणजे डॉक्टरांना तुमचं दुखणं खोटं वाटतं, असा अर्थ काढू नका.

शेकाबद्दल माझ्यावर जे ओढवलं ते सांगते. थंडीचे दिवस होते, पाऊल बर्फासारखं गार लागत होतं. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाखाली घेतली आणि डोळा लागला. सकाळी मोजा काढला तर अंगठ्याशेजारी बोराएवढा पाण्याचा फोड. दुखला अजिबात नाही. कातडी बधिर होती, भाजलेलं तिला कळलंच नव्हतं. तो फोड भरायला तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस चालणं बंद पडलं. म्हणून शेक घ्यायचा तर कमरेला, टाके पूर्ण भरल्यावर, टॉवेलमधून, 15 मिनिटं. बधिर भागावर गरम पिशवी नाही, शेगडीही नाही, बर्फही नाही. पावलांना सुती मोजे घाला आणि रात्री दिव्याखाली तळवे बघा. मधुमेह असेल तर हे रोजच करा.

स्पर्शानं चटका बसत असेल तर त्या भागाला हळूहळू सवय लावायची. आधी कापसाचा बोळा, दोन-तीन मिनिटं, हलका हात. दिवसातून तीन-चार वेळा. चार-पाच दिवसांनी सुती रुमाल, मग टर्किशचा टॉवेल. मला दीड महिना लागला, पण नंतर चादर अंगावर घेऊन झोपता आलं.

फिजिओथेरपिस्ट शीर मोकळी करण्याचा एक व्यायाम शिकवतात. तो त्यांच्याकडूनच, त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच सुरू करा. खुर्चीवर ताठ बसायचं. दुखणाऱ्या पायाचा गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. झुलत्या पाळण्यासारखं, कुठेही धरून ठेवायचं नाही, दहा वेळा. ताणून धरलात तर शीर चिडते. कळ येण्याच्या आधीच थांबा.

एक तपासणी मुद्दाम सांगते. जुना मधुमेह असेल, किंवा घर शाकाहारी असेल, तर व्हिटॅमिन बी 12 आणि साखर तपासून घ्या. बी 12 कमी असलं तरी पायाला मुंग्या येतात, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांचं ते कमी होऊ शकतं. सगळा दोष ऑपरेशनला द्यायचा आणि साधी कमतरता तशीच राहायची, असं व्हायला नको.

शीर बसवणारे, पाठ तुडवणारे, पुडी देणारे तुम्हाला कुणीतरी सुचवणारच. भरत आलेल्या मणक्यावर कुणाचा पाय पडू देऊ नका. पुडीत काय आहे ते तिच्यावर लिहिलेलं नसतं. कधी कधी त्यात स्टेरॉइड असतं आणि चार दिवस बरं वाटून पुढे साखर, रक्तदाब, हाडं सगळं बिघडतं. तेल लावायचं असेल तर हलक्या हातानं पायाला लावा, टाक्यांच्या जागी नको.

या खुणा दिसल्या तर सकाळची वाट बघू नका

लघवी अडली, किंवा नकळत होतेय. शौचावर ताबा राहिला नाही. दोन मांड्यांच्या मधला, बसण्याच्या जागेचा भाग बधिर झाला. दोन्ही पायांतलं बळ जातंय, किंवा एक पाऊल अचानक उचलेनासं झालं. यांपैकी एक जरी असेल तर तासांचा प्रश्न असतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. 108 नंबर कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही. बायका लघवीचं आणि मांड्यांचं सांगायला लाजतात. कृपा करून लाजू नका. उशीर झाला तर हे नुकसान कायमचं राहू शकतं.

ताप, टाक्यांतून पू, किंवा पाण्यासारखा स्राव आणि उठून बसलं की डोकं ठणकतंय, पडलं की थांबतंय, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. एकाच पोटरीला सूज आली आणि ती कडक झाली, तर रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नका, दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर 108.

आणि पाय अगदी बरा झालेला असताना त्याच जुन्या रेषेत, त्याच जोरानं कळ परत आली, तर गादीचा राहिलेला भाग पुन्हा सरकला असू शकतो. गादी काढलेल्या 100 पैकी साधारण 5 ते 10 जणांना असं होतं. घाबरून जाऊ नका, पण अंगावरही काढू नका.

कामावर परतताना

बसून करायचं हलकं काम चार ते सहा आठवड्यांनी, दर अर्ध्या तासाला उठत. मी मशीन सुरू केलं ते आठव्या आठवड्यात, दिवसाला एक ब्लाऊज. मशीनचं टेबल दोन विटांवर चढवलं म्हणजे मान आणि कंबर वाकेना. स्कूटर सहा आठवड्यांनी, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. शेतीचं जड काम निदान तीन महिने नाही, फ्यूजन असेल तर सहा महिने किंवा जास्त. भाताची रोप लावणी म्हणजे चिखलात दिवसभर कमरेतून वाकणं, आणि ऊसतोडणी म्हणजे वाकणं, पिळणं, उचलणं तिन्ही एकदम. त्या वर्षीची लावणी दुसऱ्याला द्या आणि तुम्ही बांधावर उभं राहून देखरेख करा.

तीन ते सहा महिन्यांनंतरही आग कमी होत नसेल तर सर्जनना स्पष्ट विचारा: पुन्हा एमआरआय करायचा का? हाताच्या रक्तवाहिनीत रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन केलेल्या एमआरआयमध्ये नवीन गादी आणि व्रणाची जाळी वेगळी ओळखता येते. नुसती जाळी असेल तर दुसऱ्या ऑपरेशनचा सहसा फायदा होत नाही. त्यापेक्षा पेन क्लिनिकमधले डॉक्टर शिरेच्या मुळाशी इंजेक्शन देतात, गोळ्या बदलून बघतात. दुसरं ऑपरेशन सुचवलं तर फाइल घेऊन दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

तोपर्यंत आठवड्यातून एकदा ही घरची परीक्षा करा. भिंतीला हात टेकून दहा पावलं फक्त टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. टाचांवर चालताना पाऊल खाली पडलं तर एल 5 ची शीर अशक्त असू शकते, चवड्यावर उचलता आलं नाही तर एस 1 ची, म्हणजे तिच्या खालची. वहीत तारीख घालून लिहा आणि ताकद कमी होतेय असं वाटलं तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. मला सुरुवातीला टाचेवर दोन पावलंसुद्धा जमत नव्हती. चौथ्या महिन्यात दहा झाली. अंगठ्याचं टोक आज दोन वर्षांनंतरही जरासं बधिर आहे, पण चप्पल पायातून निसटली तर आता मला कळतं.